स्वच्छता हवी, विष नको!

दसरा उलटला की आपल्याकडे घरोघर दिवाळीच्या साफसफाईची धांदल सुरू होते. माळ्यावरचे डबे खाली येतात, गाद्या उन्हात पडतात, कोपऱ्याकोपऱ्यातली जळमटे निघतात. किराणा दुकानाच्या यादीत रवा-मैद्याच्या जोडीला फिनेल, अ‍ॅसिड, ब्लिचिंग पावडर आणि निरनिराळ्या रंगांच्या बाटल्या येऊन बसतात. याच दिवसांत दवाखान्यातही एका ठराविक प्रकारचे रुग्ण वाढतात. कुणाच्या हाताची कातडी सोलवटलेली असते, कुणाच्या खोकल्याची उबळ थांबत नाही, तर कुणी डोळ्यात काही उडाले म्हणून पदर डोळ्याला लावून आलेली असते. आजचा लेख या विषयावर आहे. त्याची सुरुवात मात्र दवाखान्यापासून न करता मी माझ्याच घरापासून करणार आहे, कारण चूक माझ्याच हातून झाली होती.

घडले ते असे

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी आठवड्यावर आली होती. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी गेली बारा वर्षे घरातल्याच झाल्या आहेत. त्या दिवशी मला दवाखान्यात जाण्याची घाई होती. बोअरच्या पाण्यामुळे न्हाणीघरात सगळीकडे पांढरी पुटे चढली होती. "मावशी, आज तेवढे न्हाणीघर आणि संडास लख्ख करून टाका," असे म्हणून मी त्यांच्या हाती अ‍ॅसिडची बाटली दिली आणि वास जावा म्हणून ब्लिचिंग पावडरचा पुडाही दिला. दोन्ही एकत्र करू नका, हे मी सांगितले नाही. खरे सांगायचे तर ते सांगायला हवे हे त्या वेळी माझ्या डोक्यातच आले नाही.

तासाभराने सासूबाईंना आतून खोकल्याचा आवाज आला. त्यांनी दार ढकलले तर मावशी भिंतीला धरून उभ्या, डोळ्यांतून पाण्याच्या धारा आणि श्वास घेता येईना. सासूबाईंनी तोंडाला पदर लावून त्यांना हाताला धरून अंगणात आणले आणि मला निरोप धाडला. मी पोचले तेव्हा मावशींचे ओठ काळसर पडू लागले होते. लगेच रुग्णालयात नेऊन ऑक्सिजन लावला, वाफेतून औषध दिले, रात्रभर देखरेखीखाली ठेवले. सुदैवाने तिसऱ्या दिवशी त्या चालत घरी आल्या. "बाई, छातीत कुणी मिरच्यांची धुरी दिल्यागत झालं बघा," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "पण तुम्ही दिलेलं, म्हणून मी बिनघोर टाकलं."

वाचकहो, त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण ते वाक्य मला अजून टोचते. त्यांनी डॉक्टरच्या हातून घेतलेल्या वस्तूवर विश्वास ठेवला होता. त्या दिवशी मी घरातल्या सगळ्या बाटल्या ओसरीवर मांडल्या. त्या चौदा भरल्या! त्यातल्या किती खरोखर लागतात, याचा मग मी नीट विचार केला.

दोन वस्तू एकत्र आल्या की

संडास साफ करण्याच्या बहुतेक द्रवांमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते. सुटे मिळणारे अ‍ॅसिड म्हणजे तेच, पण कितीतरी तीव्र. ब्लिचिंग पावडरमध्ये कॅल्शियम हायपोक्लोराइट असते आणि पांढरे कपडे उजळण्याच्या द्रवात सोडियम हायपोक्लोराइट. यांपैकी कशाचाही आम्लाशी संबंध आला की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये ईप्रजवळ जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला होता तोच हा वायू.

क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड आहे. तो वर उडून जात नाही, फरशीलगत साचतो. आता आपल्याकडे न्हाणीघर कसे घासतात ते आठवा. उकिडवे बसून, तोंड फरशीजवळ नेऊन, आणि बाहेर पाणी उडू नये म्हणून दार लावून! म्हणजे वायू जिथे साचतो नेमके तिथेच घासणाऱ्या बाईचे नाक असते. घशातल्या आणि फुप्फुसातल्या ओलाव्याशी मिळून हा वायू आम्ल तयार करतो आणि आतला नाजूक पडदा भाजतो. कधी कधी सुरुवातीला बरे वाटते आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी साचून धाप वाढते. म्हणून असा रुग्ण "आता ठीक आहे" म्हणाला तरी त्याला घरी निजवून ठेवू नये.

आणखी एक गोष्ट. लिंबू आणि व्हिनेगर हीसुद्धा आम्लेच आहेत. घरगुती म्हणून ती ब्लिचिंगमध्ये मिसळली तरी क्लोरीन सुटतोच. अमोनिया असलेल्या काचा पुसण्याच्या द्रवाशी ब्लीच मिसळले तर क्लोरामाइन नावाचे दुसरे विषारी वायू तयार होतात. तेव्हा नियम एकच लक्षात ठेवा : ब्लिचिंगमध्ये पाण्याशिवाय काहीही मिसळायचे नाही.

शीतपेयाच्या बाटलीतले अ‍ॅसिड

दुसरा धोका लहान मुलांना. आमच्याकडे सायकलवरून, हातगाडीवरून सुटे फिनेल आणि अ‍ॅसिड विकायला येते आणि आपण ते शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून घेतो. खेळून दमून आलेले चार वर्षांचे पोर ओळखीची बाटली दिसली की तोंडाला लावणारच. त्यात त्याचा काय दोष? सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अ‍ॅसिडच्या सुट्या विक्रीवर कडक बंधने घातली. विक्रेत्याने नोंदवही ठेवावी, ओळखपत्र पाहावे, १८ वर्षांखालील व्यक्तीला विकू नये असे आदेश आहेत. पण कायदा आपल्या मोरीपर्यंत येत नाही. तिथे आपणच पहारा ठेवायचा असतो.

तुंबलेली मोरी मोकळी करण्याच्या पुड्यांत कॉस्टिक सोडा असतो. तो आम्लापेक्षाही कपटी. आम्लाने पेशी भाजून वर खपली धरते, पण कॉस्टिक मांस विरघळवीत खोल जातो. अन्ननलिका भाजली तर पुढे ती आकसते आणि मुलाला घास गिळणे मुश्किल होते. एका चिमटीचे परिणाम अनेक वर्षे भोगावे लागतात.

कपाटातल्या डांबरगोळ्याही तशाच. आमच्या सासूबाईंनी जुनी दुपटी डांबरगोळ्या घालून ट्रंकेत जपून ठेवली होती. या गोळ्या बहुधा नॅफ्थलीनच्या असतात. काही बालकांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे द्रव्य जन्मतःच कमी असते. अशा बाळाला नॅफ्थलीनची वाफ लागली तर तांबड्या पेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते. तेव्हा तान्ह्या बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या कधीही ठेवू नयेत आणि ज्या कपड्यांत त्या होत्या ते धुऊन, कडक उन्हात वाळवूनच वापरावेत.

रोजचा थोडा थोडा त्रास

अपघात तरी डोळ्यांना दिसतो. पण रोज थोडा थोडा होणारा त्रास आपण अंगवळणी पाडून घेतो. धुण्याची पावडर आणि भांड्यांचा साबण तेलकटपणा काढतात, त्याचबरोबर कातडीचे नैसर्गिक तेलही काढतात. मग हात कोरडे पडतात, भेगा पडतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायकांचे हात पाहिले की हे कळते.

फुप्फुसांचेही तसेच. नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सहा हजारांहून अधिक लोकांची २० वर्षांच्या काळातली श्वासाची मापे त्यांनी ताडून पाहिली. घरी किंवा कामावर साफसफाई करणाऱ्या स्त्रियांच्या फुप्फुसांची ताकद न करणाऱ्या स्त्रियांपेक्षा अधिक वेगाने घटलेली आढळली. रोज हाताळलेली रसायने श्वासमार्गाला सतत चुरचुर लावतात, हे त्याचे संभाव्य कारण त्यांनी सांगितले. घरात दम्याचा रुग्ण असेल तर उग्र वासाचे फिनेल आणि फवाऱ्याच्या बाटल्या टाळाव्यात हे बरे. वास आला म्हणजे स्वच्छता झाली, ही आपली एक गोड समजूत आहे.

मोरीतून पुढे काय जाते?

आपल्यासारख्या लहान गावांत बऱ्याच घरांना सेप्टिक टँक असतो. त्यातला मैला जिरवण्याचे काम जिवाणू करतात. बेताने वापरले तर फारसे बिघडत नाही, पण रोज अ‍ॅसिड, ब्लिचिंग आणि फिनेल ओतत राहिलो तर ते जिवाणू मरतात. मग टाकी लवकर भरते, वास येतो, आणि वास मारायला आपण पुन्हा फिनेल ओततो! पूर्वी मोरीचे पाणी परसातल्या आळवाला आणि केळीला जायचे. आज धुण्याच्या पावडरीतला सोडा वर्षानुवर्षे त्या मातीत गेला तर माती घट्ट होते, झाड मान टाकते. पुढे हेच पाणी नाल्याने नदीला मिळते. ज्या पावडरीत फॉस्फेट असते ती पाण्यातल्या शेवाळाला आणि जलपर्णीला खतासारखी लागू पडते. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणाऱ्या पांढऱ्या फेसाचे फोटो आपण वृत्तपत्रांत पाहिले आहेत. त्यात कारखान्यांचे सांडपाणी आहे तसे घरोघरचे साबणाचे पाणीही आहे.

आमच्या घरात काय बदलले

चौदा बाटल्यांपैकी आता चार उरल्या आहेत. सगळे एका दिवसात झाले नाही. काही प्रयोग फसलेही. जे टिकले ते सांगते.

फरशी : रोज साधे पाणी आणि घट्ट पिळलेले स्वच्छ फडके पुरते. आठवड्यातून एकदा पाण्यात चमचाभर पातळ साबण. फडके धुऊन उन्हात वाळवणे महत्त्वाचे, नाहीतर कालचीच घाण आज घरभर फिरते. शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत. त्यांवर अ‍ॅसिडच काय, लिंबू-व्हिनेगरही लावू नये. दगड खाल्ला जातो, खरबरीत होतो आणि मग आणखी मळतो. आमच्या न्हाणीघराची शहाबादी अशीच मी माझ्या हाताने बिघडवली होती.

संडास : रोज नुसता ब्रश आणि थोडी साबणाची पावडर. क्षाराची पुटे चढली तर किराणा दुकानातले लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, तीन-चार मोठे चमचे कोमट पाण्यात विरघळवून रात्री भांड्यात ओतावे आणि सकाळी घासावे. चिनी मातीला काही होत नाही. नळाची तोटी आणि प्लास्टिकची बादली यांवरचा पांढरा थरही याच पाण्यात भिजवलेले फडके तासभर गुंडाळून ठेवले की निघतो. मात्र त्या दिवशी ब्लिचिंगला हात लावायचा नाही.

मोरी : तोंडावर जाळी बसवा. चहाचा चोथा, भात, केस आत जाऊ देऊ नका. आठवड्यातून एकदा मूठभर खाण्याचा सोडा टाकून वर गरम पाणी ओता, पण नळी प्लास्टिकची असेल तर उकळते ओतू नका. तुंबलीच तर रबरी पंप वापरा. कॉस्टिकची पुडी आम्ही आणणेच बंद केले.

भांडी : तांब्या-पितळेला चिंच किंवा आमसूल आणि मीठ यांना तोड नाही. लगेच धुऊन कोरडी करावीत. तेलकट भांडी आधी कागदाने किंवा चुलीच्या राखेने पुसली की निम्म्या साबणात काम होते. राखेत क्षार असतो, तो तेल धरतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते.

कपडे : रेशमी, लोकरी आणि ठेवणीतल्या साड्यांसाठी रिठे. दहा-बारा रिठे बिया काढून रात्री लिटरभर पाण्यात भिजवावेत, सकाळी पंधरा-वीस मिनिटे उकळून, निवल्यावर कुस्करून गाळावे. फेस सॅपोनिन या नैसर्गिक द्रव्यामुळे येतो. हे पाणी तीन-चार दिवसच टिकते आणि डोळ्यात गेले तर चांगलेच झोंबते. रोजचे मळके कपडे रिठ्याने निघत नाहीत, हे मी प्रामाणिकपणे सांगते. त्यांना पावडरच लागते, पण पाकिटावर लिहिल्यापेक्षा कमी घालून पाहा. बहुतेक वेळा तेवढी पुरते.

कपाट : डांबरगोळ्यांच्या जागी वेखंडाचे तुकडे आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला, फडक्याच्या पुरचुंडीत बांधून. तोही मुलांच्या हाती लागू देऊ नये.

काचा आणि आरसे : थोडे व्हिनेगर घातलेले पाणी आणि जुना वर्तमानपत्राचा कागद. हे पान वाचून झाल्यावर खुशाल वापरा!

फळांच्या सालींचा अर्क : एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-मोसंबीच्या साली, दहा भाग पाणी, असे प्लास्टिकच्या बरणीत तीन महिने ठेवायचे. पहिला महिनाभर रोज झाकण उघडून आतला वायू सोडायचा, काचेची बरणी फुटू शकते. गाळून पाण्यात मिसळले की पुसण्याला चांगले. पण हे आंबट, म्हणजे आम्लच. शहाबादीला आणि ब्लिचिंगला ते वर्ज्य. त्याने जंतू मरतीलच असा भरवसाही धरू नये.

घरगुती म्हणजे निर्धोक नव्हे

सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की खूप फसफसते आणि काहीतरी जोरदार झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात दोघे एकमेकांचा जोर मारतात आणि हाती जवळजवळ खारे पाणी उरते. वापरायचे तर वेगवेगळे वापरा. धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा एक नव्हेत. धुण्याचा बराच तीव्र असतो, हात भाजतो. आणि डब्यावर 'हर्बल' किंवा 'नैसर्गिक' छापले म्हणजे आतला माल सौम्य असतोच असे नाही. मागची बारीक अक्षरे वाचा.

तसेच ब्लिचिंगला शत्रू मानू नका. विहिरीच्या आणि टाकीच्या पाण्याला क्लोरीन हवेच. त्याने किती जीव वाचले आहेत हे आम्ही डॉक्टरच जाणतो. घरात जुलाब-उलट्यांचा रुग्ण असेल तर तिथली जागा आधी कागदाने पुसून, मग ब्लीचच्या पाण्याने निर्जंतुक करावी. साधारण चार-पाच टक्क्यांचे द्रव ब्लीच असेल तर एक वाटीला नऊ वाट्या पाणी. त्याच दिवशी बनवावे, खिडकी उघडी ठेवावी, हातमोजे घालावेत. २०२० च्या करोनाकाळात आपण भाजीपासून देवघरापर्यंत सगळे ब्लीचने धुऊ लागलो. ते आवश्यक नव्हते. औषधाची जशी मात्रा असते तशी याचीही असते.

अपघात झालाच तर

वायू नाकात गेला : माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणा. खोली उघडी टाका, सामान आणायला आत जाऊ नका. बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवा.

डोळ्यात किंवा अंगावर उडाले : स्वच्छ पाण्याच्या धारेखाली १५ ते २० मिनिटे धुवा. भिजलेले कपडे काढा. हळद, तूप, टूथपेस्ट काही लावू नका.

पोटात गेले : उलटी करवू नका. मिठाचे पाणी, लिंबू, सोडा पाजू नका. जाताना भाजलेली अन्ननलिका उलटीने पुन्हा भाजते. रॉकेल प्यायलेल्या मुलालाही उलटी करवू नये, ते फुप्फुसात उतरते. तोंड पाण्याने खळखळून धुवा आणि बाटलीसकट रुग्णालय गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा मोफत क्रमांक १८०० ११६ ११७ हा भिंतीवर लिहून ठेवा.

शेवटी एवढेच

साफसफाईची वस्तू तिच्या मूळ बाटलीतच ठेवावी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर, कुलपात असेल तर उत्तम. आणि घरातले काम जिच्या हातून होते, तिला ती वस्तू काय आहे हे सांगावे. तिला वाचता येत नसेल तर बाटलीवर लाल फुली मारावी. हातमोज्यांचा एक जोड तिच्यासाठी आणावा. साबणाच्या पुड्याएवढ्या किमतीत तो येतो.

आमच्या मावशींचे हात आता बरे आहेत. रात्री खोबरेल लावतात, मोजे घालतात. "सुरुवातीला बोटं लटकल्यागत वाटायची," असे म्हणून हसतात. परवा शेजारच्या सूनबाई अ‍ॅसिडची बाटली घेऊन न्हाणीघरात निघाल्या तर मावशींनीच कुंपणावरून हटकले, "अगं, आधी दार उघडं ठेव, आणि त्यात ब्लिचिंग टाकलंस तर बघ!" मी ओसरीवर उभी राहून ऐकत होते. दोन वर्षांपूर्वी जे त्यांना मी सांगायला हवे होते, ते आज त्या दुसऱ्याला सांगत होत्या.

तुम्हीही या रविवारी आपल्या मोरीचे कपाट उघडा, बाटल्या ओसरीवर मांडा आणि मोजा. तुमच्या किती भरतात ते पाहा.